वीज : शब्द, अर्थ आणि व्यवहार

बडोदे शहरात विजेचा कारभार पाहणाऱ्या संस्थांच्या नावांकडे लक्ष दिले, तर भाषेच्या अभ्यासकाला एक मनोरंजक गोष्ट दिसून येईल. १ मे १९६० रोजी गुजरात राज्याबरोबरच जन्मास आलेल्या आणि बडोद्यात मुख्यालय असलेल्या मंडळाचे नाव ‘गुजरात विद्युत बोर्ड’ असे होते. २००५ साली त्याची पुनर्रचना झाली, तेव्हा त्याच शहरात ‘गुजरात ऊर्जा विकास निगम’ आणि ‘मध्य गुजरात वीज कंपनी’ अशी नावे रूढ झाली. विद्युत, ऊर्जा आणि वीज हे तीनही शब्द एकाच शहरात, एकाच व्यवसायात वापरले गेले. हे तीन शब्द एकाच अर्थाचे आहेत काय? नसतील, तर त्यांच्यातील भेद कोणता? आणि तो जाणून घेण्याची गरज शिक्षकाला, कार्यालयातील लेखनिकाला व शेतकऱ्याला का भासावी? या प्रश्नांचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

बडोद्यातील मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषांत वावरत आली आहेत. घरात ‘वीज’ म्हणावयाचे आणि बाजारात ‘वीजळी’, हा त्यांचा नित्याचा व्यवहार होय. मात्र पुरवठा बंद पडला की मराठी घरात ‘लाईट गेली’ असे उद्गार निघतात आणि शेजारच्या गुजराती घरातही ‘लाईट गई’ असेच म्हणतात. शब्द इंग्रजी, पण दोन्ही भाषांनी त्याला वीज या शब्दाप्रमाणे स्त्रीलिंग दिले. परका शब्दही भाषेत आला म्हणजे तिच्या घरच्या रीतीने वागू लागतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

शब्दाचे मूळ

संस्कृतात ‘द्युत्’ या धातूचा अर्थ प्रकाशणे असा आहे. त्याला ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘विद्युत्’ म्हणजे विशेष प्रकारे चमकणारी, हा शब्द सिद्ध झाला. प्राकृतात त्याचे ‘विज्जु’ असे रूप झाले. त्यातूनच मराठीत ‘वीज’, गुजरातीत ‘वीजळी’ आणि हिंदीत ‘बिजली’ हे शब्द आले. तेव्हा विद्युत आणि वीज हे एकाच शब्दाचे दोन अवतार होत. एक ग्रंथातून आलेला आणि दुसरा लोकांच्या जिभेवर घडलेला.

अमरकोशात विजेची दहा नावे सांगितलेली आहेत. त्यांपैकी चपला आणि चंचला ही नावे तिच्या अस्थिरतेवरून, तर क्षणप्रभा हे तिच्या क्षणभर टिकणाऱ्या तेजावरून पडले. तडित् व सौदामिनी ही नावे मराठी वाचकाला काव्यातून परिचित आहेत; शंपा, शतह्रदा, ह्रादिनी आणि ऐरावती ही मात्र आता कोशातच उरली आहेत. दहावे नाव अर्थातच विद्युत्. यांखेरीज दामिनी हे नावही लोकप्रिय आहे.

ही नावे केवळ कवींच्या उपयोगाची राहिली आहेत, असे मात्र नाही. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने वीज कोसळण्याचा इशारा देणारे जे भ्रमणध्वनी अॅप तयार केले, त्याला ‘दामिनी’ हेच नाव दिले. जुना शब्द नव्या कामावर रुजू झाला, तो असा. गडगडाटाची गणना करून विजेचे अंतर ओळखण्याची रीतही प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. वीज चमकल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत जितके सेकंद जातील, त्यांना तीनने भागले म्हणजे वीज सुमारे किती किलोमीटरवर आहे ते कळते. हे अंतर थोडे असेल, तर झाडाखाली उभे न राहता पक्क्या घराचा आसरा घेणे श्रेयस्कर होय.

राळेतून आलेले नाव आणि मेघातून आलेले नाव

इंग्रजीतील ‘इलेक्ट्रिसिटी’ या शब्दाचा आकाशातील विजेशी मुळात काहीच संबंध नव्हता. ग्रीक भाषेत ‘एलेक्ट्रॉन’ म्हणजे अंबर, अर्थात झाडाची राळ लाखो वर्षे जमिनीत राहून तयार झालेला पिवळसर पदार्थ. तो लोकरीवर घासला असता गवताच्या काड्या ओढून घेतो, हे प्राचीन लोकांना ठाऊक होते. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गुणधर्माला अंबराच्या नावावरून संज्ञा दिली आणि तीच पुढे युरोपभर पसरली.

आपल्याकडेही हा गुणधर्म अज्ञात नव्हता. संस्कृतात अंबराला ‘तृणमणी’ म्हणजे गवत ओढणारा मणी असे म्हणतात. फारसीतील ‘काहरुबा’ या शब्दाचा अर्थही काडी हिरावून घेणारा असाच आहे. अरबी भाषेत त्याच शब्दापासून आज विजेचे नाव बनले आहे. म्हणजे तृणमणीवरून नाव घ्यावयाचे असते, तर मराठीलाही ते घेता आले असते. परंतु मराठी, गुजराती आणि हिंदी यांनी आकाशातील विजेचेच नाव पत्करले. १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिन आणि फ्रान्समधील प्रयोगकर्ते यांनी मेघातील वीज व घर्षणाने उत्पन्न होणारी वीज एकच असल्याचे दाखवून दिले होते. त्यामुळे आपल्या भाषांनी केलेली निवड शास्त्रालाही धरूनच ठरली. शिवाय या नावात इशाराही आहे. मेघातील वीज प्राण घेते, हे खेड्यातील लहान मुलालाही माहीत असते; त्याच नावाची वस्तू तारेतून घरात येते, हे कळल्यावर तिच्याशी कसे वागावे ते निराळे सांगावे लागत नाही.

बडोद्यातील शब्दकार्य

नव्या ज्ञानाला स्वभाषेत नावे हवीत, ही जाणीव बडोदे संस्थानात फार पूर्वी झाली होती. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था सुरू केली आणि शास्त्र व उद्योग यांचे शिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला. हेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विकसित झाले. १९०६ साली संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यात आले. मुलेमुली वाचू लागल्यावर त्यांना समजेल अशा भाषेत राज्यकारभार चालविणे हे ओघानेच आले.

१९३१ साली संस्थानाने ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश प्रसिद्ध केला. त्यात कारभारातील व कायद्यातील इंग्रजी संज्ञांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली या भाषांतील प्रतिशब्द दिलेले आहेत. एक शब्द निरनिराळ्या भाषांत कसा ओळखला जातो हे शेजारीशेजारी ठेवून पाहिले, म्हणजे कोणता प्रतिशब्द अनेकांना कळेल आणि कोणता केवळ पंडितालाच कळेल, याचा निर्णय करणे सोपे जाते. या कोशाचा खरा धडा त्याच्या या पद्धतीत आहे. विजेच्या शब्दांनाही ती कसोटी लावून पाहता येईल.

शास्त्रातील शब्द

बोलण्यात आपण वीज, शक्ती, ऊर्जा आणि जोर हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. शास्त्रात तसे चालत नाही. तेथे प्रत्येक शब्दाला एकच अर्थ नेमून दिलेला असतो. शिक्षकांच्या सोयीसाठी मुख्य शब्द पुढे दिले आहेत.

१. ऊर्जा : कार्य करण्याची क्षमता. घरगुती मीटर जे मोजतो ती ऊर्जा होय. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास.

२. शक्ती : ऊर्जा किती वेगाने खर्च होते याचे माप. ते वॅटमध्ये सांगतात. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला, तर एक युनिट होते. येथे शंभर वॅट ही शक्ती आणि एक युनिट ही ऊर्जा. शेतीपंपावर लिहिलेली अश्वशक्ती हेही शक्तीचेच माप आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच अश्वशक्तीचा पंप पूर्ण क्षमतेने एक तास चालला, तर त्याने केलेले काम सुमारे पावणेचार युनिटांइतके भरते. यंत्रातील घट धरल्यास मीटरवर याहून काहीसा अधिक आकडा दिसेल.

३. दाब : व्होल्टमध्ये मोजतात. उंचावरील टाकीतील पाणी जसे दाबाने नळात येते, तशी ही कल्पना आहे. घरात २३० व्होल्टचा दाब असतो. गावाबाहेरून येणाऱ्या उच्चदाब वाहिनीवर तो बहुधा ११,००० व्होल्ट असतो.

४. प्रवाह : अँपिअरमध्ये मोजतात. नळातून किती पाणी वाहते, तसे तारेतून किती वीज वाहते याचे हे माप. लोक यालाच ‘करंट’ म्हणतात.

५. रोहित्र : वाहिनीतील दाब कमी-अधिक करणारे साधन. खेड्यात याला ‘डी. पी.’ म्हणण्याचा प्रघात आहे.

६. जनित्र : यांत्रिक ऊर्जेपासून वीज उत्पन्न करणारे यंत्र.

‘दाब’ आणि ‘प्रवाह’ हे शब्द पाण्यावरून आले असल्यामुळे ते पाटाचे पाणी पाहिलेल्या माणसाला लगेच उमगतात. ‘रोहित्र’ हा शब्द सुबक असला, तरी तो अद्याप गावाच्या तोंडी बसलेला नाही. म्हणून तक्रारीची नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याने ‘डी. पी. जळाली’ हे वाक्य अशुद्ध म्हणून बाजूस न सारता ‘रोहित्र नादुरुस्त’ असे स्वतः लिहून घ्यावे, हेच इष्ट होय.

एका शब्दाची अनेक भाषांतरे

बडोद्यातील कुटुंबाला गुजराती नावाच्या कंपनीकडून वीज मिळते, तर त्याच्या महाराष्ट्रातील नातलगाच्या घरी मराठी देयक येते. या मराठी देयकावरचे शब्द पाहण्यासारखे आहेत. इंग्रजीतील ‘चार्ज’ या एका शब्दासाठी मराठीला प्रसंगानुरूप वेगवेगळे शब्द योजावे लागतात. देयकावर तो ‘आकार’ होतो : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. आकार म्हणजे आकृती, असे समजणारा वाचक येथे क्षणभर थबकतो. पण जमीन महसुलाची ‘आकारणी’ ज्याला माहीत आहे, त्याला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. भौतिकशास्त्रात तोच शब्द ‘प्रभार’ होतो आणि कार्यालयात एखाद्या अधिकाऱ्याकडे दुसऱ्या पदाचा ‘अतिरिक्त प्रभार’ असतो. न्यायालयात तो ‘आरोप’ होतो. वाहिनीत वीज सोडली की ती ‘भारित’ होते.

याच कुळातील ‘भार’ हा शब्द निराळा आहे. देयकावरील ‘मंजूर भार’ म्हणजे ग्राहकाला एका वेळी किती वीज वापरण्याची परवानगी आहे ते माप. मागणी पुरवठ्याहून वाढली की ‘भारनियमन’ करावे लागते. आणि ‘भारणे’ हे क्रियापद तर विजेच्या फार आधीचे. मांत्रिक पाणी भारून देत असे. आजही एखाद्या वक्त्याच्या भाषणाने श्रोते ‘भारावून’ जातात.

कायद्याच्या भाषेत तर शब्दांतील सूक्ष्म भेदाला फार मोठे मोल असते. ‘आकडा टाकणे’ हा वाक्प्रचार खेड्यात सर्वांना ठाऊक आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली ती वीजचोरी ठरते आणि तिच्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची, दंडाची किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. याउलट घरगुती जोडणीवर दुकान चालविणे हा कलम १२६ मधील ‘अनधिकृत वापर’ असून त्याबद्दल रकमेची आकारणी होते. या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर साध्या ग्राहकावर चोरीचा कलंक येतो. नोटीस लिहिणाऱ्याने येथे पर्यायी शब्दांचा मोह आवर्जून टाळला पाहिजे.

मनातील वीज

तारेतील विजेपासून मनातील विजेकडे भाषा केव्हा वळली, ते सांगणे कठीण आहे. पण वळली खरी. ‘अंगात वीज संचारली’, ‘विजेच्या चपळाईने धावला’, ‘सभेत विद्युतसंचार झाला’ हे प्रयोग आता रुळलेले आहेत. दुःखाची बातमी अचानक आली, तर ‘वीज कोसळली’ असे म्हणतात. एकच शब्द चैतन्याचा आणि संहाराचाही. कारण मूळ वस्तूच तशी आहे.

मनाच्या या अवस्थेला मराठीत अनेक शब्द असले, तरी त्यांच्या छटा निरनिराळ्या आहेत. ‘उत्साह’ हा शब्द ‘सह्’ म्हणजे सहन करणे, तग धरणे या धातूपासून आला. म्हणून उत्साह टिकाऊ असतो. भरताच्या नाट्यशास्त्रात तो वीररसाचा स्थायिभाव मानला आहे. ‘आवेश’ म्हणजे आत शिरणे. तो बाहेरून अंगात येतो आणि तसाच ओसरतो. ‘क्षोभ’ म्हणजे ढवळून निघणे. त्यात राग असतो. ‘उत्तेजन’ हा शब्द ‘तिज्’ म्हणजे धार लावणे या धातूपासून बनला. म्हणूनच स्पर्धेत ‘उत्तेजनार्थ पारितोषिक’ देतात आणि पुण्यात १८७५ साली स्थापन झालेल्या वेदशास्त्रोत्तेजक सभेच्या नावातही तो दिसतो. ‘उत्तेजना’ या रूपात मात्र खळबळीची छटा अधिक आहे. विद्यार्थ्याला द्यावयाचे ते उत्तेजन, जमावाला दिली जाते ती चिथावणी. वार्ताहराने वा अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने ‘जमाव उत्साहात होता’ आणि ‘जमाव प्रक्षुब्ध होता’ यांतील निवड विचारपूर्वक केली पाहिजे. कारण त्या एका शब्दावर पुढील बंदोबस्त अवलंबून असतो.

जेथे शब्दावर प्राण अवलंबून असतो

वरील सर्व विवेचनाची खरी कसोटी धोक्याच्या फलकावर लागते. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये अशी तरतूद होती की मध्यम व त्याहून अधिक दाबाच्या विद्युत संचमांडणीवर हिंदी किंवा इंग्रजीत, तसेच जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत, कवटी व हाडांच्या चिन्हासह धोक्याची सूचना लावावी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही हे तत्त्व कायम ठेवण्यात आले. स्थानिक भाषेचा आग्रह किती योग्य आहे, हे ‘धोका’ या एका शब्दावरून कळेल. मराठीत धोका म्हणजे संकट. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. गुजरातीत ‘धोको’ म्हणजे कपडे बडवण्याचे दांडके. संकटासाठी गुजराती फलकावर ‘भय’ असे लिहितात. बडोद्यात कामासाठी नव्याने आलेल्या मराठी मजुराला ‘भय’ हा शब्द कळतो, परंतु महाराष्ट्रात आलेल्या परप्रांतीय मजुराला ‘धोका’ कळेलच असे नाही. तेथे कवटीचे चित्रच त्याचे रक्षण करते.

नवी वाहिनी सुरू करण्यापूर्वी गावात जाहीर सूचना देतात. तिचा मसुदा पुष्कळदा पुढील धर्तीचा असतो :

‘सदर ११ केव्ही उच्चदाब वाहिनी विद्युतभारित करण्यात येत असून संबंधितांनी तिच्याशी संपर्क टाळावा.’

यातील एकही शब्द चुकीचा नाही. तरीही ‘भारित’ म्हणजे काय, ‘संबंधित’ म्हणजे कोण, हे शेतकऱ्याला उमगत नाही. ‘संपर्क’ हा शब्द तर त्याने ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधावा’ या वाक्यात वाचलेला असतो. तोच मजकूर असाही लिहिता येईल :

‘या तारांत उद्या सकाळपासून वीज सुरू होईल व ती चोवीस तास राहील. तारेला, खांबाला किंवा खांबाच्या ताणाच्या तारेला हात लावू नका. खांबाला जनावरे बांधू नका, कपडे वाळत घालू नका. तार तुटून पडलेली दिसल्यास दूर राहा आणि वायरमनला कळवा. हात लागल्यास जीव जाईल.’

दुसरा मसुदा लांब आहे आणि कार्यालयीन थाटाचा नाही. पण तो चावडीवर मोठ्याने वाचला, तर निरक्षर वृद्धेलाही कळेल. पहिला मसुदा कार्यालयाच्या दप्तरासाठी ठीक आहे, दुसरा गावासाठी आवश्यक आहे.

लेखनाविषयी

‘वीज’ या शब्दात पहिले अक्षर दीर्घ आहे. विभक्तिप्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होते : विजेचा, विजेने, विजांचा. ‘विजेरी’ हा शब्दही त्याच न्यायाने ऱ्हस्व. परंतु सामासिक शब्दात ते मूळचे दीर्घच राहते : वीजपुरवठा, वीजबिल, वीजचोरी. अनेक फलकांवर ‘विज पुरवठा’ असे दिसते, ते चूक आहे. ‘विद्युत्’ हा शब्द संस्कृतात व्यंजनान्त असला, तरी शासनमान्य लेखननियमांनुसार मराठीत असे रूढ शब्द अकारान्त लिहावयाचे. म्हणून ‘विद्युत मंडळ’. संधी होताना मात्र मूळ व्यंजन जागे होते : विद्युत् + लता = विद्युल्लता.

सारांश, काव्यात विजेची दहाही नावे शोभतात. शास्त्रात आणि कायद्यात एका अर्थाला एकच शब्द हवा. आणि जेथे जीविताचा प्रश्न आहे, तेथे वाचणाऱ्याच्या तोंडी असलेला शब्दच योजावा. बडोद्याच्या कोशकारांनी आठ भाषा शेजारीशेजारी मांडल्या, त्यामागील हेतू राज्याचा शब्द प्रजेपर्यंत पोहोचावा हाच होता.

स्वाध्याय

१. पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करून अर्थभेद स्पष्ट करा : भार, प्रभार, आकार, आरोप.

२. ६० वॅटचा दिवा रोज पाच तास जळतो. तीस दिवसांत किती युनिट वीज लागेल? (उत्तर : ९ युनिट.)

३. आपल्या गावातील विजेसंबंधीचे फलक वाचून त्यांतील न समजणारे शब्द उतरवून काढा आणि त्यांना गावात काय म्हणतात ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

४. रोहित्राजवळ लावण्यासाठी चार ओळींची सूचना तयार करा. ती शाळेत न गेलेल्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिला जे कळले नाही ते बदला.